कॉईलओव्हर स्प्रिंग : जास्तीचे पैसे वसूल होतात का?

मेकॅनिकलच्या मुलांच्या रूमवर दोन विषय कधीच संपत नाहीत. एक बॅकलॉग आणि दुसरा सस्पेन्शन. पहिल्यावर मी काही लिहिणार नाही, कारण हा अंक स्टाफसुद्धा वाचतो. दुसऱ्यावर मात्र लिहायलाच पाहिजे. कारण त्यात नुसती चर्चा नसते, पैसेही असतात.

बाहाची गाडी बनवायची ठरली की कोणीतरी म्हणतोच, "साध्या स्प्रिंगा नको बे, अपग्रेडेड कॉईलओव्हर टाकू. गाडी उडाली पाहिजे!" आणि सगळे माना हलवतात. मग वर्गणी वाढते. ही वर्गणी कोणाच्या घरच्या कापसाच्या चुकाऱ्यातून येते, तर कोणाच्या एज्युकेशन लोनमधून. म्हणून प्रश्न सरळ आहे. स्प्रिंगवर जास्तीचा पैसा घालावा का? घालावा तर कधी? याचं उत्तर "ब्रँड चांगला आहे" असं देता येत नाही. ते कागद-पेन्सिल घेऊन काढावं लागतं, आणि गंमत म्हणजे ते सेकंड इयरच्या गणितात बसतं.

कॉईलओव्हर म्हणजे नेमकं काय?

नाव भारी आहे, पण वस्तू ओळखीची आहे. गुंडाळीची स्प्रिंग (कॉईल) शॉकअपच्या भोवती बसवली की झाला कॉईलओव्हर. दोघांचा आस एकच. बाईकच्या मागचे दोन शॉकअप पाहा, तिथे हेच आहे. पुढच्या बाजूला मॅकफर्सन स्ट्रट असलेल्या घरच्या साध्या कारमध्येही स्प्रिंग आणि डॅम्पर एकाच खांबावर असतात.

दोघांची कामं मात्र वेगळी. स्प्रिंग वजन उचलते आणि धक्क्याची ऊर्जा साठवते. साठवलेली ऊर्जा ती परत देते, म्हणजे गाडी वर-खाली नाचते. डॅम्पर तेलाला बारीक भोकांतून ढकलतो आणि त्या ऊर्जेची उष्णता करून टाकतो. म्हणजे स्प्रिंग म्हणजे उधारीचं खातं आणि डॅम्पर म्हणजे वसुली. हे लक्षात ठेवा, लेखाचा अर्धा निकाल यातच आहे.

माझं गाव सिंदी. वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यात. गावाच्या नावापुढे कंसात "रेल्वे" लिहितात, नाहीतर लोक वर्ध्याजवळच्या सिंदी (मेघे) ला जाऊन पोहोचतात. रेल्वेचं गाव म्हणून उदाहरणही रेल्वेचंच देतो. जुने आयसीएफ पद्धतीचे निळे डबे ज्यांनी जवळून पाहिले असतील त्यांनी चाकाजवळच्या जाड स्प्रिंगा पाहिल्या असतील. त्या स्प्रिंगेच्या आत एक गाईड असतो आणि त्यात तेलाचा डॅशपॉट. बाहेर स्प्रिंग, आत तेल. म्हणजे तत्त्व कॉईलओव्हरचंच! या पद्धतीचे नवीन डबे बनवणं २०१८ मध्ये थांबलं आणि त्यांची जागा एलएचबी डब्यांनी घेतली. पण रेल्वेची एक सवय आपण उचलण्यासारखी आहे. वर्कशॉपमध्ये स्प्रिंग ठराविक भाराखाली दाबून तिची उंची मोजतात, त्यावरून गट पाडतात, गटाला रंग देतात आणि एका बोगीत एकाच गटाच्या स्प्रिंगा लावतात. स्प्रिंग चकचकीत आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. भार ठेवल्यावर किती दबते, एवढंच विचारतात.

स्प्रिंगेचा कडकपणा कशावर ठरतो?

ताण आणि लांबीतला बदल सम प्रमाणात असतात, हे रॉबर्ट हूकने १६७८ मध्ये छापून सांगितलं. स्प्रिंग १ मिलिमीटर दाबायला किती न्यूटन लागतात, तो तिचा रेट. गुंडाळीच्या स्प्रिंगेसाठी सूत्र असं :

रेट = (स्टीलचा शिअर मॉड्युलस × तारेच्या व्यासाचा चौथा घात) ÷ (८ × गुंडाळीच्या सरासरी व्यासाचा घन × काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या)

हे सूत्र परीक्षेत पाठ करून विसरायचं नाही. यात तीन गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली, तारेची जाडी चौथ्या घातात आहे. तार फक्त ५ टक्के जाड घेतली की रेट साधारण २१ टक्क्यांनी वाढतो. म्हणून दोन स्प्रिंगा नुसत्या डोळ्यांनी पाहून "सेमच आहे" म्हणू नये. व्हर्नियर लावा.

दुसरी, वेढे कमी केले की स्प्रिंग कडक होते. गॅरेजमध्ये गाडी खाली बसवायला एक वेढा कापून देतात. ११ वेढ्यांचे १० झाले की रेट १० टक्क्यांनी वाढला. त्यात टोक सपाट राहत नाही, स्प्रिंग सीटवर तिरकी बसते. आणि गॅसने कापली असेल तर तिथलं टेम्परिंग गेलं. ही स्वस्तातली अपग्रेड सगळ्यात महाग पडते.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. सूत्रात स्टीलची फक्त एकच गोष्ट आहे, शिअर मॉड्युलस. तो स्प्रिंगेच्या जवळजवळ सगळ्या स्टीलचा सारखाच असतो, प्रत्येक चौरस मिलिमीटरला ७९,००० न्यूटनच्या आसपास. साधं स्प्रिंग स्टील घ्या नाहीतर महागडं क्रोम-सिलिकॉन. तार, व्यास आणि वेढे तेच असतील तर रेट तोच येणार. म्हणजे "चांगल्या स्टीलमुळे गाडी कडक बसते" हे चूक. मग महाग स्टीलचे पैसे जातात कुठे? ते पाहायला एक गाडी मांडून बघू.

उदाहरण : आपली बाहाची गाडी

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी. बाहा ही विद्यार्थ्यांनी ऑल-टेरेन गाडी बनवायची स्पर्धा. अमेरिकेत ती १९७६ मध्ये साऊथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली. भारतात बाहा एसएईइंडिया २००७ पासून, इंदूरजवळच्या पीथमपूरला. त्यात चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत असते आणि तिच्या जोडीला डिझाईन आणि कॉस्टचेही गुण असतात. म्हणजे स्प्रिंगेवर विनाकारण केलेला खर्च खिशातूनही जातो आणि गुणांतूनही.

समजा, ड्रायव्हरसकट गाडी २५० किलो. त्यातलं ६० टक्के वजन मागे, म्हणजे १५० किलो, एका चाकावर ७५. चाक, हब, आर्म असं स्प्रिंगच्या खालचं १५ किलो वजा केलं की स्प्रिंगला झेलायचे राहिले ६० किलो.

आता गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली व्हावी ते ठरवायचं. घरच्या कार साधारण १ ते १.५ हर्ट्झच्या असतात, रेसच्या गाड्या त्याहून बऱ्याच कडक. आपण १.६ हर्ट्झ घेऊ. यावरून चाकाजवळ रेट येतो साधारण ६ न्यूटन प्रति मिलिमीटर.

पण स्प्रिंग चाकावर बसत नाही, आर्मवर आत कुठेतरी बसते. चाक १० मिलिमीटर वर गेलं तर आपली स्प्रिंग समजा ६ मिलिमीटर दबते. हा मोशन रेशो ०.६. रेट बदलताना त्याचा वर्ग घ्यायचा, म्हणजे ०.३६. इथे बरेच जण वर्ग विसरतात आणि बऱ्याच कमी कडकपणाची स्प्रिंग मागवून बसतात. ६.०६ भागिले ०.३६ म्हणजे १६.८. आपल्याला साधारण १७ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग पाहिजे.

आता दोन दुकानं समजा. दोन्हीकडे गुंडाळीचा सरासरी व्यास ७० मिलिमीटर.

साधी स्प्रिंग : तार ९ मिलिमीटर, काम करणारे वेढे ११. रेट १७.२.
महाग स्प्रिंग : तार ८ मिलिमीटर, काम करणारे वेढे ७. रेट १६.८.

रेट जवळपास सारखाच. सीटवर बसलेल्याला दोघींमधला फरक कळणार नाही. पण पुढचे आकडे बघा.

टोकाचे दोन वेढे धरून पहिली स्प्रिंग पूर्ण मिटली की उंची ११७ मिलिमीटर, दुसरीची फक्त ७२. म्हणजे तेवढ्याच जागेत दुसरीला दबायला ४५ मिलिमीटर जास्त मिळतात. वजन पहिलीचं सुमारे १.४ किलो, दुसरीचं ०.८. चार चाकांना अशाच स्प्रिंगा धरल्या तर अडीच किलोच्या आसपास बचत.

फुकटात काही मिळत नाही, हे आलंच. चाक उभ्या स्थितीपासून १२० मिलिमीटर वर गेलं तेव्हा स्प्रिंग एकूण जवळपास १३० मिलिमीटर दबते आणि तिच्यावर साधारण २,२०० न्यूटन भार येतो. त्या वेळी वाहलचा करेक्शन फॅक्टर धरून जाड तारेत शिअर स्ट्रेस येतो सुमारे ६४५ मेगापास्कल, बारीक तारेत सुमारे ८९०. एवढा स्ट्रेस साध्या स्टीलला रोज झेपत नाही. स्प्रिंग "बसते", म्हणजे कायमची आखूड होते, नाहीतर फटिगने तुटते. म्हणून तिथे चांगलं स्टील लागतं, त्यावर शॉट पीनिंग लागतं (बारीक गोळ्यांचा मारा करून पृष्ठभाग दाबून ठेवतात, म्हणजे तडा सुरूच होत नाही) आणि स्प्रिंग आधीच पूर्ण दाबून सेट करून घ्यावी लागते. जास्तीचे पैसे या कामाचे आहेत.

म्हणजे महाग स्प्रिंग कडकपणा विकत नाही. ती विकते जागा, हलकेपणा आणि टिकाऊपणा. तुम्हाला या तिन्हीपैकी काही कमी पडतंय का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या उदाहरणात स्प्रिंगसाठी २६० मिलिमीटर जागा असेल तर साधी स्प्रिंग आरामात चालते. पण जागा २३० च असेल तर ती ११३ मिलिमीटर दबली की मिटली, आणि आपल्याला पाहिजेत १३०. लोखंड लोखंडावर आपटणार आणि धक्का सरळ चॅसिसच्या वेल्डिंगला जाणार. अशा वेळी महाग स्प्रिंग ही चैन नाही, गरज आहे.

आमच्याकडचे रस्ते आणि रेझोनन्स

आता दुसरी समजूत. "रस्ता खराब आहे, कडक स्प्रिंग टाक."

आमच्या भागात काळी कापसाची माती. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि एवढ्या भेगा पडतात की हात जाईल. तिच्यावरचा डांबरी रस्ता नुसता फुटत नाही, तो लाटांसारखा होतो. खड्डा दिसतो तरी, ही लाट दिसत नाही. गाडीत बसल्यावर पोटात कळते.

बैलबंडीला स्प्रिंग नसते तरी चालतं, याचं कारण वेग. ७ मीटर लांबीची लाट धरा. बंडी ताशी ४ किलोमीटरने गेली तर सहा-सात सेकंदांत एक हेलकावा. तेच गाडी ताशी ४० किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटरने गेली तर सेकंदाला १.६ हेलकावे. आणि आपल्या गाडीची स्वतःची वारंवारता किती ठेवली होती? १.६! हाच रेझोनन्स. पूल पार करताना सैन्याची पावलं मोडायला लावतात, तेच प्रकरण.

समजा, आपण घाबरून १७ ऐवजी २४ ची स्प्रिंग टाकली. वारंवारता झाली १.९ हर्ट्झ. रेझोनन्स गेला का? नाही. तो ताशी ४० वरून ४८ वर सरकला. रस्ता तोच, लाट तीच, फक्त उडायचा वेग बदलला.

वाईट गोष्ट पुढेच आहे. डॅम्पिंग रेशो काढताना स्प्रिंगचा रेट वर्गमुळात आणि तोही छेदात येतो. डॅम्पर तोच ठेवून स्प्रिंग कडक केली तर रेशो ०.३० वरून ०.२५ वर उतरतो. म्हणजे वसुली करणारा माणूस तोच आणि उधारी वाढवली. चाकाचं वजन आणि टायर बाजूला ठेवून साधं मॉडेल घेतलं तर ५ सेंटिमीटरच्या लाटेवर रेझोनन्सच्या वेगाला गाडीची बॉडी किती हलते ते असं :

जुनी स्प्रिंग, जुना डॅम्पर (रेशो ०.३०) : सुमारे ९.७ सेंटिमीटर.
कडक स्प्रिंग, जुना डॅम्पर (रेशो ०.२५) : सुमारे ११.२ सेंटिमीटर.
जुनी स्प्रिंग, सुधारलेला डॅम्पर (रेशो ०.४५) : सुमारे ७.५ सेंटिमीटर.

तिन्ही ओळी पुन्हा वाचा. स्प्रिंगवर पैसे घातले तर गाडी जास्त उडाली, डॅम्परवर घातले तर कमी. आणि बॉडी उडते तेव्हा चाकावरचा भार कमी-जास्त होतो. भार कमी झालेल्या क्षणी ब्रेक दाबला की चाक लॉक होतं आणि स्टिअरिंग ऐकत नाही. हा नुसता कम्फर्टचा विषय नाही, माणूस घरी पोहोचण्याचा विषय आहे.

डॅम्परलाही मर्यादा आहे, हे सांगून टाकतो. फार घट्ट केला तर बारीक गिट्टीसुद्धा हाडांपर्यंत येते, आणि लागोपाठ खड्डे आले तर दबलेलं चाक वेळेवर खाली येत नाही. म्हणून तो मोजून-मापून, पायरी-पायरीने बदलायचा.

आणि आता आमच्या तालुक्यातूनच समृद्धी महामार्गही जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला. काँक्रीटच्या रस्त्यात ठराविक अंतरावर सांधे असतात. ते साडेचार मीटरवर धरले आणि कार ताशी १२० किलोमीटरने गेली तर सेकंदाला सातपेक्षा जास्त टिचक्या बसतात. ही वारंवारता बॉडीच्या वारंवारतेच्या खूप वर आहे. इथे मऊ स्प्रिंग धक्का गिळते, कडक स्प्रिंग तो आत पोहोचवते. म्हणजे एकाच तालुक्यात दोन रस्ते आणि दोन वेगळी उत्तरं. "सगळ्यात बेस्ट स्प्रिंग कोणती?" या प्रश्नाला म्हणूनच अर्थ नाही. कोणत्या रस्त्यावर, किती वजनाला, किती वेगाला, हे आधी सांगावं लागतं.

बाईकवाल्यांसाठी दोन शब्द

बाहाशी ज्यांचं देणंघेणं नाही त्यांच्याकडे निदान सेकंडहँड बाईक असते. मागच्या शॉकअपला खाली पायऱ्यांची रिंग असते. ती फिरवली की "शॉकअप कडक केला" असं म्हणतात. तसं नसतं. रिंग फिरवल्याने स्प्रिंगचा रेट बदलत नाही, कारण तार, व्यास, वेढे तेच आहेत. फक्त प्रीलोड वाढतो, म्हणजे बसल्यावर गाडी कमी खाली जाते. मागे डबलसीट असेल किंवा दुधाच्या कॅन असतील तर पायरी वाढवायची, एकटे असाल तर परत कमी करायची. याला एक रुपया लागत नाही. नवी स्प्रिंग घेण्याआधी हे करून पाहिलं का, एवढंच विचारायचं आहे.

स्प्रिंगेच्या वेढ्यांमध्ये रबरी बफर बसवायची फॅशन आहे. गाडी उंच वाटते हे खरं. पण बफर काही वेढ्यांना कामच करू देत नाही. वेढे कमी झाले की सूत्राप्रमाणे रेट वाढला, आणि उरलेल्या वेढ्यांवर ताण वाढला.

एक कायद्याची गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनला सोडून गाडीत फेरफार करता येत नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. बाहाची गाडी ट्रॅकवर चालते, तिचा प्रश्न वेगळा. रस्त्यावरची गाडी एक वीत खाली बसवायची असेल तर आधी इन्शुरन्सचा कागद नीट वाचा. त्यापेक्षा जुनी बसलेली स्प्रिंग काढून कंपनीच्याच रेटची नवी टाकली, तर तो फेरफार नाही, दुरुस्ती आहे.

खरेदीच्या आधी तपासायचं कसं?

दुकानदार जो रेट सांगतो तो मोजता येतो. एसओएम लॅबमधल्या युनिव्हर्सल टेस्टिंग मशीनवर स्प्रिंग दाबली तर पाच मिनिटांत ग्राफ मिळतो, फक्त सरांना विचारावं लागतं. तेही जमलं नाही तर जिमच्या प्लेट्स आहेत. स्प्रिंग सपाट फरशीवर उभी करा, मध्ये एक पाईप घाला म्हणजे ती वाकणार नाही. वर ६० किलो ठेवले की १७ च्या रेटची स्प्रिंग साधारण साडेतीन सेंटिमीटर दबली पाहिजे. चारही स्प्रिंगांचं माप घ्या. डाव्या-उजव्यात फरक असेल तर रेल्वेवाल्यांसारखी जोडी लावा. भार काढल्यावर उंची पहिल्याएवढी आली नाही तर ती स्प्रिंग परत करा.

आणि हे हसण्यावारी नेऊ नका. पूर्ण दबलेल्या आपल्या उदाहरणातल्या स्प्रिंगमध्ये १४० ज्यूलच्या वर ऊर्जा असते. म्हणजे १४ किलोची गोणी एक मीटरवरून पडावी एवढी. शॉकअप खोलताना स्प्रिंग कॉम्प्रेसर लावूनच खोलायचा. दोरीने बांधून किंवा दोन मित्रांनी दाबून धरून अजिबात नाही.

मग निकाल काय?

जास्तीचे पैसे वसूल होतात, पण या चार वेळी :

१. हिशोब केल्यावर सध्याचा रेटच चुकीचा निघाला, म्हणजे गाडीचं वजन किंवा वापर बदलला आहे. अशा वेळी योग्य रेटची साधी स्प्रिंगसुद्धा चालेल.
२. पूर्ण ट्रॅव्हलच्या आधीच स्प्रिंग मिटते आणि जागा वाढवता येत नाही.
३. जुनी स्प्रिंग बसली आहे, तिची मोकळी उंची कमी झाली आहे किंवा तिच्यावर गंज-चरे आहेत. गंजाच्या चऱ्यातूनच तडा सुरू होतो.
४. वजनाचा एकेक किलो मोजून कमी करायचा आहे आणि बाकी सगळीकडे कमी करून झालं आहे.

बाकी वेळी पैशांचा क्रम असा ठेवावा : आधी टायरची हवा (फुकट), मग झिजलेले बुश आणि बेअरिंग, मग डॅम्परचं तेल, सील आणि सेटिंग, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंग. बुश ढिले असताना टाकलेली महाग स्प्रिंग म्हणजे भिंत ओली असताना लावलेला रंग.

आपल्या महाराष्ट्रातच चाकण, नाशिक आणि छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला शॉकअप बनवणारे मोठे कारखाने आहेत, आणि गाड्या तपासणारी एआरएआय ही संस्था पुण्यात १९६६ पासून आहे. पुढची इंडस्ट्रियल व्हिजिट काढताना सरांनी या बाजूचाही विचार करावा अशी विनंती. तिथे गेल्यावर एकच प्रश्न विचारायचा : स्प्रिंग आणि डॅम्पर तुम्ही वेगवेगळे निवडता की जोडीने?

बाहाच्या टीमला शेवटी एवढंच सांगायचं आहे. पुढच्या मीटिंगला कॅटलॉगच्या आधी वजनकाटा आणा. चारही चाकांखाली ठेवा, ड्रायव्हर बसवा, आकडे फळ्यावर लिहा. त्यातून स्प्रिंगचा रेट निघेल, रेटमधून तार आणि वेढे निघतील, आणि साधी पुरते की महाग लागते हे शेवटच्या ओळीत आपोआप कळेल. मग ज्याने घरून पैसे आणले त्याला तो फळा दाखवता येईल.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)